पराग घडणे आणि परागकोश उघडणे : जनुकीय नियंत्रणाचा आढावा

फुलात परागकण घडणे आणि घडलेले परागकण परागकोशातून योग्य घटकेला बाहेर पडणे ही दोन कामे पाठ्यपुस्तकांत एकाच प्रकरणात उरकली जात असली, तरी गेल्या तीन-साडेतीन दशकांतील संशोधनाने त्यांच्यामागे जनुकांच्या दोन वेगळ्या साखळ्या असल्याचे दाखवून दिले आहे. पहिली साखळी परागाला अन्न आणि कवच मिळवून देते. दुसरी परागकोशाच्या भिंतीतील एका विशिष्ट थराच्या पेशींवर कणखर पट्ट्या चढवून कोश फाटण्याची सोय करते. फलधारणेला दोन्ही सारख्याच आवश्यक आहेत. मात्र संशोधनाचा, आणि त्याहूनही पीकसुधारणेचा, ओढा पहिलीकडेच इतका राहिला आहे की पुंवंध्यत्व म्हणजे पराग निकामी असणे हे समीकरण जवळपास गृहीत धरले जाते. पूर्व विदर्भासारख्या धानाच्या पट्ट्यात हे गृहीत तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

लाखनी हा भंडारा जिल्ह्यातील तालुका वैनगंगेच्या खोऱ्यात येतो, आणि माजी मालगुजारी तलाव, बोड्या व अलीकडच्या विहिरी-बोअर यांच्या पाण्यावर येथे खरिपात सर्वदूर आणि पाण्याची सोय असेल तेथे उन्हाळ्यातही धान घेतले जाते. धान निसवल्यानंतर लोंबीत किती दाणे भरले आणि किती पोचट राहिले यावर हंगामाचा हिशेब ठरतो. पोचटपणाची सर्वपरिचित कारणे म्हणजे खोडकिडा, तुडतुडे आणि ऐन फुलोऱ्यात तुटलेले पाणी. परंतु कीड नसताना, बांधीत पाणी असतानाही दाणा पोचट राहतो तेव्हा कारण फुलाच्या आत शोधावे लागते.

धानाच्या प्रत्येक फुलात सहा पुंकेसर असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला परागकोश असतो. कोवळ्या परागकोशाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर चार कप्पे दिसतात व प्रत्येक कप्प्याभोवती चार थरांची भिंत दिसते. सर्वांत बाहेर बाह्यत्वचा, तिच्या आत एंडोथेसियम हा तंतुस्तर, त्याच्या आत लवकरच विरून जाणारा मधला थर, आणि कप्प्याला लागून टॅपीटम नावाचा पोषक थर अशी ही रचना असते. कप्प्याच्या मध्यभागी असलेल्या मातृपेशींचे अर्धसूत्री विभाजन होऊन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी होऊन, प्रत्येकीपासून चार लघुबीजाणू तयार होतात व त्यांतूनच पुढे परागकण घडतात. या छेदातील दोन थर प्रस्तुत विषयाचे दोन नायक आहेत: आतला टॅपीटम पराग घडवतो आणि मरून जातो, बाहेरचा तंतुस्तर पराग तयार होईपर्यंत थांबतो आणि मग कोश उघडतो.

टॅपीटमचे जनुकशास्त्र प्रामुख्याने अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहानशा रोपावर उलगडले. कोवळ्या परागकोशातील कोणत्या पेशी बीजाणूंकडे वळतील हे ठरवणारे एसपीएल जनुक १९९९ मध्ये वर्णिले गेले. त्यानंतर कप्प्यातील पेशी आणि भोवतालच्या पेशी यांच्यात संदेशांची देवाणघेवाण होऊन टॅपीटम ठरतो, हे ईएमएस१ या ग्राही प्रथिनावरून कळले. ते नसलेल्या रोपात मातृपेशींची गर्दी होते आणि टॅपीटम तयारच होत नाही. धानातील एमएसपी१ हे याच धाटणीचे जनुक जपानी संशोधकांनी २००३ मध्ये ओळखले. टॅपीटम ठरल्यानंतर त्याच्याकडून काम करवून घेणारी जनुके एकामागून एक चालू होतात. ही जनुके लिप्यंतरण घटक तयार करतात, म्हणजे अशी प्रथिने की जी इतर जनुकांच्या आरंभस्थानी बसून त्यांना चालू किंवा बंद करतात. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये डीवायटी१, टीडीएफ१, एएमएस, एमवायबी८० आणि एमएस१ असा त्यांचा क्रम आता बऱ्यापैकी पक्का झाला आहे. धानात यूडीटी१, टीडीआर, ईएटी१ आणि पीटीसी१ ही जनुके या साखळीतील निरनिराळ्या टप्प्यांवर तेच काम करतात. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी एकमेकांपासून फुटलेल्या एकदल व द्विदल वनस्पतींत ही साखळी इतकी जुळती राहावी, यावरून तिच्यात बदल खपत नाहीत हे उघड होते.

या साखळीचे मुख्य उत्पादन म्हणजे परागकणाचे कवच. अर्धसूत्री विभाजनानंतर चारही लघुबीजाणू कॅलोज या शर्करेच्या बहुवारिकाच्या तात्पुरत्या भिंतीत कोंडलेले असतात. सीएएलएस५ हे विकर ती भिंत बांधते आणि टॅपीटममधून आलेली विकरे ती विरघळवतात. तिचे बांधणे किंवा विरघळणे चुकले तर पुढचे कवच बसत नाही. त्यानंतर स्पोरोपोलेनिनचे बाह्यकवच चढते. स्पोरोपोलेनिन हा मेदाम्लांपासून व फिनॉलवर्गीय घटकांपासून बनलेला, आम्लातही सहसा न विरघळणारा आणि अश्मीभूत स्थितीत कोट्यवधी वर्षे टिकणारा पदार्थ असून, त्याची रासायनिक रचना पाइनच्या परागावरून २०१९ मध्ये बरीचशी स्पष्ट झाली. त्याचा कच्चा माल टॅपीटममध्ये तयार होतो. धानातील सीवायपी७०३ए३ आणि सीवायपी७०४बी२ ही जनुके मेदाम्लांवर संस्करण करतात, आणि त्यांपैकी एक जरी निकामी झाले तरी परागकण कवचाविना सुरकुतून जातात. कवचावरील छिद्रांची जागा ठरवणाऱ्या जनुकांचाही एक लहान गट आहे. धानाच्या परागावर असे एकच गोल छिद्र असते आणि त्यातून परागनलिका बाहेर येते.

टॅपीटमने काम करणे जितके आवश्यक, तितकेच त्याने वेळेवर मरणेही आवश्यक असते. हे मरण अपघाती नसून नियोजित पेशीमृत्यू असतो. पेशी स्वतःचीच प्रथिने पचवते आणि आतला ऐवज परागाच्या हाती येतो. धानात ईएटी१ हे जनुक दोन प्रथिनभंजक विकरांना चालू करून हा मृत्यू घडवून आणते, असे २०१३ मध्ये दाखवण्यात आले. त्याच वर्षी चिनी संशोधकांनी ‘वाइल्ड अबॉर्टिव्ह’ या पेशीद्रव्यीय पुंवंध्यत्वाचे मूळ डब्ल्यूए३५२ या तंतुकणिकांतील जनुकात असल्याचे सिद्ध केले. या जनुकाचे प्रथिन तंतुकणिकांतील सीओएक्स११ या प्रथिनाला अडवते, त्यामुळे टॅपीटम वेळेआधी मरतो आणि पराग उपाशी राहतो. हे पुंवंध्यत्व १९७० मध्ये युआन लाँगपिंग यांच्या पथकाला हैनान बेटावरील रानटी धानात सापडले होते, आणि १९७६ पासून चीनमध्ये संकरित धानाची व्यापारी लागवड त्याच्यावरच उभी राहिली. म्हणजे कारण कळायला चार दशके लागली, उपयोग मात्र सहा वर्षांत सुरू झाला. शेतीच्या इतिहासात हे नवे नाही.

आता दुसरी साखळी, आणि तिच्याकडे जाण्यापूर्वी पेशीभित्तिकेच्या जाडीविषयी काही सांगणे भाग आहे. वाढत्या पेशीची प्राथमिक भिंत पातळ व ताणली जाणारी असते. वाढ थांबल्यावर काही पेशी तिच्या आतून सेल्युलोज, झायलन आणि लिग्निन यांचा दुय्यम थर चढवतात, आणि तो चढला की पेशी ताठ होते. लाकूड, बांबू, तागाचा धागा आणि मळणीनंतर उरणारी तणीस हे सर्व मुख्यतः या दुय्यम भिंतीचेच पदार्थ आहेत. विदर्भाच्या पश्चिमेकडील कापूसही त्यातलाच आहे, कारण सरकीवरचा प्रत्येक तंतू ही बीजत्वचेची एक लांबलेली पेशी असते, फूल उमलल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी तिच्या आत दुय्यम थर चढू लागतो, आणि तयार तंतूत नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते. वनस्पतींतील सेल्युलोज तयार करणारी जनुके प्रथम १९९६ मध्ये ओळखली गेली ती कापसाच्या वाढत्या तंतूंतूनच. लिग्निन जवळजवळ नसलेली ही दुय्यम भिंत अपवाद आहे. बहुतेक ठिकाणी सेल्युलोज आणि लिग्निन बरोबरच येतात.

दुय्यम भिंतीवर नियंत्रण ठेवणाऱ्या जनुकांची उतरंड २००५ ते २००९ या काळात झपाट्याने स्पष्ट झाली. सर्वांत वर एनएसी कुळातील जनुके असतात. जलवाहिन्यांच्या पेशींत व्हीएनडी६ आणि व्हीएनडी७, तर खोडातील तंतूंच्या पेशींत एनएसटी१ आणि एनएसटी३ ही जनुके भिंत जाड करण्याचा निर्णय घेतात. त्यांच्या खाली एमवायबी४६ आणि एमवायबी८३ असतात, आणि त्यांच्याही खाली सेल्युलोज, झायलन व लिग्निन बनवणारी विकरे चालू करणारी जनुके असतात. दुय्यम भिंतीच्या सेल्युलोजसाठी अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये सीईएसए४, ७ आणि ८, तर धानात सीईएसए४, ७ आणि ९ ही तीन जनुके एकत्र काम करतात व एकाही जनुकाशिवाय काम भागत नाही. एनएसटी१ आणि एनएसटी३ दोन्ही निकामी केलेले रोप उभे राहू शकत नाही. धानातील ठिसूळ खोडाची उत्परिवर्ती रोपे याच यंत्रणेतील बिघाडाची उदाहरणे असून, त्यांचे खोड हाताने सहज मोडते. वारा-पावसाने धान लोळण्याचा आणि तणशीच्या वैरणीतील पचनीयतेचा, असे दोन्ही प्रश्न शेवटी या एकाच उतरंडीला येऊन भिडतात. त्यांतला एक सोडवताना दुसरा बिघडण्याचा संभव असल्यामुळे, लिग्निन कमी करण्याच्या उत्साही योजनांकडे भात उत्पादक भागात सावधपणेच पाहावे लागेल.

तंतुस्तर हा याच उतरंडीचा फुलातील उपयोग होय. या थराच्या पेशींवरील पट्टे बोहेमियन शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात तपशिलाने वर्णिले होते, परंतु त्यांच्यामागचे जनुक कळायला पावणेदोनशे वर्षे जावी लागली. अ‍ॅराबिडॉप्सिसमधील एमएस३५ या उत्परिवर्ती रोपात परागकण पूर्णपणे निरोगी असतात, हाताने काढून कुक्षीवर ठेवले तर फलधारणाही होते, परंतु परागकोश उघडत नाही, कारण तंतुस्तराच्या पेशी मोठ्या होऊनही त्यांच्यावर पट्टे चढत नाहीत. या रोपात बिघडलेले जनुक म्हणजे एमवायबी२६. ते एनएसटी१ आणि एनएसटी२ यांना चालू करते, आणि ही दोन्ही एकाच वेळी निकामी केली तरी परिणाम तोच होतो. उलट एमवायबी२६ गरजेपेक्षा जास्त चालवले, तर ज्या पेशींवर पट्टे नसावेत त्यांच्यावरही ते चढू लागतात. निरोगी पराग असूनही रोप वांझ, हे पुंवंध्यत्वाच्या रूढ कल्पनेत न बसणारे चित्र आहे.

पट्टे चढण्याची घटका संप्रेरकांच्या हाती असते. परागकोशातील ऑक्झिनची पातळी आधी वाढते व मग उतरते. ती उतरली की एमवायबी२६ चालू होते आणि जॅस्मोनिक आम्लाचे उत्पादनही वाढते. जॅस्मोनिक आम्ल तयार करू न शकणाऱ्या ओपीआर३ या उत्परिवर्ती रोपाची फुले उमलतात तेव्हा त्यांचे परागकोश बंदच राहतात, केसरतंतू आखूड राहतात आणि परागही अपुरा घडतो. मात्र योग्य अवस्थेतील कळ्यांवर हेच आम्ल फवारले, तर बीजधारणा पूर्ववत होते. दोन साखळ्या वेगळ्या असल्या तरी त्यांना एकाच घड्याळावर चालवणारे संदेशवाहक सामाईक आहेत, असा याचा अर्थ होतो.

साखळ्यांच्या वेगळेपणाचा सर्वांत निर्णायक पुरावा तंबाखूवरील दोन प्रयोगांतून मिळाला. जिवाणूतील बार्नेज हे जनुक पेशीतील आरएनए नष्ट करते. १९९० मध्ये ते केवळ टॅपीटममध्ये चालेल अशा रीतीने तंबाखूत घालण्यात आले. पराग तयार झाला नाही, मात्र रिकामा परागकोश ठरलेल्या वेळी उघडला. १९९७ मध्ये तेच जनुक परागकोशाची जेथे फट पडते त्या स्टोमियम नावाच्या पेशींच्या परिसरात चालवण्यात आले. या वेळी पराग उत्तम तयार झाला आणि परागकोश मात्र बंदच राहिला. एकाच विषाने दोन ठिकाणी दिलेली ही दोन उत्तरे पाहता पराग घडणे आणि कोश उघडणे यांना एकच घटना मानणे टिकत नाही. यांतील पहिल्या प्रयोगाचा वारसा पुढे दिल्ली विद्यापीठात विकसित झालेल्या डीएमएच-११ या जनुकीय सुधारित मोहरीपर्यंत आला, जिच्या पर्यावरणीय मुक्ततेची शिफारस ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली आणि जिच्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने जुलै २०२४ मध्ये परस्परविरोधी निकाल दिले. दुसऱ्या प्रयोगाला असा सार्वजनिक वारसा मिळाला नाही.

धानाकडे वळले की या भेदाचे व्यावहारिक रूप दिसते. धानाचे फूल साधारणतः सकाळी उशिरा, तासाभराच्या आतबाहेर उघडे राहते. तळाशी असलेल्या लोडिक्यूल या दोन बारीक खवल्यांत पाणी भरून तुसे अलग होतात, परागकण फुगून कप्प्यांमधले पडदे फोडतात, जाड पट्ट्यांचा तंतुस्तर सुकताना मागे वळतो आणि पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतो. हे सर्व काही मिनिटांचे काम असते, आणि बाहेर पडलेला परागही मिनिटांतच निर्जीव होतो. कोश उघडणे आणि फूल उघडणे यांची अशी सांगड असल्यामुळेच धान स्वपरागित राहिले आहे, आणि स्वपरागित असल्यामुळेच चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये ‘पटेल-३’ वाणाच्या शेतात दिसलेली वेगळी रोपे निवडून, त्यांचे बी पुन्हा पुन्हा पेरून एचएमटी हा वाण स्थिर करता आला. शेतकऱ्याने घरी राखलेले बी वर्षानुवर्षे तेच राहते, यामागे परागकोशाच्या भिंतीचा हा काटेकोरपणा आहे.

संकरित बियाणे हवे असेल तर मात्र हाच काटेकोरपणा मोडावा लागतो. भारतात संकरित धानाचा समन्वित कार्यक्रम १९८९ च्या अखेरीस सुरू झाला आणि १९९४ मध्ये पहिले संकरित वाण बाहेर आले. महाराष्ट्रात कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राने १९९८ मध्ये सह्याद्री हा संकरित वाण दिला. त्याची मादी ओळ आयआर ५८०२५ए हिच्यात ‘वाइल्ड अबॉर्टिव्ह’ पेशीद्रव्य आहे. अशा ओळीची लोंबी पोटरीतून पूर्ण बाहेर येत नाही म्हणून जिब्रेलिक आम्ल फवारावे लागते, आणि फुलोऱ्याच्या वेळी नराच्या ओळींवरून दोरी ओढून किंवा काठीने झाडे हलवून पराग मादीच्या ओळींकडे उडवावा लागतो. वंध्य ओळ शुद्ध आहे की नाही हे तपासण्यासाठी न उमललेल्या फुलातील परागकोश काचपट्टीवर चिरडून त्यावर आयोडीन-पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण टाकतात: पिष्टाने भरलेला सुपीक पराग गोल व निळसर काळा होतो, वंध्य पराग पिवळट, वेडावाकडा राहतो. ही चाचणी सोपी, स्वस्त आणि खात्रीची असल्यामुळे धानाच्या सुपीकतेचे ते सर्वमान्य मापच बनले आहे.

अडचण येथेच आहे: ही चाचणी पराग भरला आहे का एवढेच सांगते, कोश उघडला का हे सांगत नाही. फिलिपिन्समधील लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतील साताके आणि योशिदा यांनी १९७८ मध्येच दाखवून दिले होते, की फुलोऱ्याच्या वेळी तापमान ३५ अंश सेल्सियसच्या पुढे गेले तर धानात पोचटपणा वाढतो, आणि त्याचे मोठे कारण पराग मरणे हे नसून परागकोश नीट न फाटल्यामुळे कुक्षीवर पुरेसा पराग न पडणे हे आहे. जपानमधील मात्सुई यांच्या नंतरच्या कामात ज्या वाणांच्या परागकोशाला तळाशी लांब फट पडते, त्यांच्या कुक्षीवर पराग अधिक खात्रीने पडतो असे आढळले. उन्हाळी धान मार्चअखेर व एप्रिलमध्ये फुलोऱ्यावर आले, तर पूर्व विदर्भात दुपारचे तापमान ४० अंशांच्या आसपास असते. अशा वेळी सकाळी फूल किती वाजता उघडते यावर पुष्कळ अवलंबून असते, आणि रानटी धानातून घेतलेल्या, फूल पहाटेकडे सरकवणाऱ्या जनुकीय खंडाने संबंधित वाणांतील उष्णतेचा फटका कमी झाल्याचे जपानी व फिलिपिन्समधील संशोधकांनी दाखवले आहे. भारतातील नगीना २२ हा जुना वाण उष्णतेला तोंड देणारा म्हणून जगभर अभ्यासला जातो तो याच संदर्भात. गमतीची गोष्ट अशी, की ठरावीक मर्यादेपेक्षा तापमान वाढल्यावर वांझ होणाऱ्या टीएमएस५ जनुकाच्या ओळी चीनमध्ये संकरित बियाण्यासाठी हेतुपुरस्सर वापरल्या जातात. पण तो बिघाड पराग घडण्यातला आहे, कोश उघडण्यातला नाही, आणि दोन्हींना ‘तापमानजन्य वंध्यत्व’ या एकाच शीर्षकाखाली टाकल्याने गोंधळच वाढतो.

अ‍ॅराबिडॉप्सिसमधील एमवायबी२६ ते एनएसटी या साखळीइतके तपशीलवार चित्र धानाच्या तंतुस्तराचे अद्याप उभे राहिलेले नाही. दुय्यम भिंतीच्या एकूण उतरंडीतील जनुके धानात सापडली आहेत, परंतु ४० अंशांच्या दुपारी तंतुस्तराच्या भिंतीचे काय होते हा प्रश्न टॅपीटमच्या तुलनेत कमी प्रयोगशाळांनी हाती घेतला आहे. धानाचा संपूर्ण जनुकसंच २००५ पासून उपलब्ध आहे, आणि अकराव्या गुणसूत्राच्या वाचनात भारतीय संस्थांचा वाटा होता. तेव्हा जनुके शोधण्यासाठी साधनांची वाण नाही. वाण आहे ती शेतातील योग्य मोजमापाची. लाखनीच्या शेजारी साकोली येथे आणि पुढे सिंदेवाही येथे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची धान संशोधन केंद्रे असून, उन्हाळी धानाच्या वाणांची तुलना त्यांच्या परिसरातच होऊ शकते. अशा चाचण्यांत आयोडीनच्या रंगाबरोबर, फूल मिटल्यावर कुक्षी काढून तिच्यावर पडलेले परागकण मोजणे आणि परागकोशाच्या तळाच्या फटीची लांबी नोंदवणे या दोन नोंदी आवर्जून घेतल्या जाव्यात. त्यासाठी साधा सूक्ष्मदर्शक पुरतो; आणि या नोंदी नसतील, तर उष्णतेने पोचट राहिलेल्या लोंबीत बिघाड कोणत्या साखळीत झाला हे सांगता येणार नाही.